दुसऱ्यांच्या मुलांसाठी

एर्लेनाऊत वाढलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवा, तो तुम्हाला रायनरसाहेबांचं भाषण घडाघडा म्हणून दाखवील. फ्रिडोलिन रायनर हे आमच्या खोऱ्यातले व्यवसाय-सल्लागार. पोर चौदा वर्षांचं झालं की पुढे काय, एखाद्या मालकाच्या हाताखाली उमेदवारी करत काम शिकायचं, की गिम्नाझियम नावाच्या वरच्या शाळेत जाऊन विद्यापीठाची वाट धरायची, हे विचारायला आईबाप त्याला घेऊन त्यांच्याकडे जातात. आणि दर नोव्हेंबरात पालकसभेत साहेब खडू उचलतात आणि फळ्यावर जिने काढतात.

"आपल्याकडे वर जायला एकच जिना नाही," ते म्हणतात. "सुताराचा इंजिनियर होतो, नर्सची प्राध्यापक होते. तेव्हा पोरांना ढकलू नका हो. त्यांना काय हवंय ते विचारा." मग थोरल्या भावाची गोष्ट येते. भाऊ वायरमन झाला, आज त्याच्याकडे माणसं कामाला आहेत आणि त्याचं घर साहेबांच्या घराच्या दुप्पट आहे. इथे लोक हसतात. दर वर्षी इथेच हसतात.

साहेब स्वतः मात्र झुरिकला मानसशास्त्र शिकलेले. त्यांचे वडील सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे, घराण्यात पदवी घेतलेले हेच पहिले. ती पदवी त्यांनी चौकटीत घालून घरच्या संडासात लावली आहे. आपण असल्या कागदांना किती भाव देतो ते पाहुण्याला बसल्या बसल्या कळावं म्हणून. चौकट भारीतली आहे आणि तिच्यावर कधी धूळ दिसत नाही, हेही पाहुण्याला बसल्या बसल्या कळतंच.

पण माणूस खोटा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आपण बोलतो त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांच्या सल्ल्याने खोऱ्यातली किती पोरं बेकरीत, गॅरेजात, इस्पितळात लागली आणि सुखाने नांदताहेत. रस्त्यात भेटली की थांबून हात मिळवतात, बायकापोरं दाखवतात. साहेब घरी येऊन बायकोला सांगायचे, "मिर्याम, आज तो छपराचं काम करणारा भेटला. काय खूश आहे गं!"

आणि मग एका रविवारी संध्याकाळी, पाव, चीज आणि दुधाळ कॉफी असं नेहमीचं खाणं चाललं असताना त्यांची एकुलती एक मुलगी सालोमे म्हणाली, "पपा, माझं ठरलं. मी खाटीक होणार."

साहेब हसले. "छान! आणि मी सर्कशीत जातो."

"मी चेष्टा करत नाहीये. कास्पर हेफ्टीकडे पुढच्या उन्हाळ्यात उमेदवाराची जागा रिकामी होतेय. मी विचारून आले."

"विचारून आलीस? कधी?"

"शनिवारी. सॉसेज आणायला पाठवलं होतंस ना, तेव्हा."

साहेबांनी चीजचा तुकडा पावावर ठेवला, उचलला, परत ठेवला. सालोमे वर्गात पहिल्या तिघांत. फ्रेंच तर अशी बोलायची की मास्तरीणबाईच दबकून असायच्या. गिम्नाझियमच्या प्रवेशपरीक्षेला साहेबांनी तिचं नाव ऑक्टोबरातच देऊन टाकलं होतं. राहू दे, असावं हाताशी, असं म्हणून. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"पण का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, नेमकं काय आवडतं तुला त्यात?"

"हा प्रश्न तू ऑफिसात विचारतोस तसा विचारतोयस."

"बरं, घरच्यासारखा विचारतो. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मिर्याम फिस्सकन हसली. ती इस्पितळात रुग्णांना व्यायाम शिकवायची. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून आलेल्या बाईला घरच्या नाटकांचं फारसं काही वाटत नाही.

"मला बसून कंटाळा येतो, पपा," सालोमे म्हणाली. "कास्परकडे सगळे उभे असतात, बोलत असतात, गिऱ्हाइकांची टर उडवतात. आणि संध्याकाळी टेबलावर दिसतं, आज काय केलं ते. मला सुरी धरायला आवडते. आणि तूच म्हणतोस ना, पोराला काय हवंय ते विचारा?" तिने हवेत खडू धरल्यासारखा करून जिना काढून दाखवला, आवाजसुद्धा हुबेहूब त्यांचाच काढला.

आता या माणसाने काय बोलावं? 'नाही' म्हणण्याची सोय त्यांनी स्वतःच्याच तोंडाने कधीच बंद करून ठेवली होती. ते म्हणाले, "उत्तम. मग आधी हुंगायचा आठवडा करून बघ."

हुंगायचा आठवडा आमच्याकडे प्रत्येक पोराला करावा लागतो. ज्या कामाची इच्छा असेल तिथे आठवडाभर जायचं, हात घालून बघायचं. मालक पोराला जोखतो, पोर मालकाला. शुक्रवारी आईबापांना बोलावून तिघांचं बोलणं होतं, तोवर आईबापांनी त्या दुकानाकडे फिरकायचं नाही. फोन तर मुळीच करायचा नाही. जो बाप फोन करतो त्याची खोऱ्यात वर्षभर खिल्ली उडते. हे नियम छापून घरोघरी वाटतं कोण? तर रायनरसाहेब.

गुरुवारी पुरुषांच्या गायनमंडळाची तालीम झाली. कास्पर हेफ्टी खर्जात गातो, साहेब वरच्या पट्टीत. तालमीनंतर सगळे खानावळीत बसले, तेव्हा साहेबांनी कास्परला कोपऱ्यातल्या टेबलापाशी ओढलं.

"माझी पोर येतेय तुझ्याकडे सोमवारी."

"येतेय की. मला कशाला सांगतोस? मीच बोलावलंय तिला."

"सोमवारपासून तुझी डुकरं कापायची धांदल ना? रक्ताची सॉसेजं, काळजाची सॉसेजं?"

"नोव्हेंबर आहे फ्रिडली, दुसरं काय असणार? पण हुंगायला आलेल्या पोरांना मी मागे नेत नाही. त्यांना पुढे काउंटरवर ठेवतो, सॉसेजला गाठी मारायला शिकवतो. घाबरवून काय करायचंय?"

"तिला मागे ने."

कास्परने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे सगळं खरं खरं दाखव. रक्त, आतडी, पहाटेचं उठणं, सगळं. हातचं राखू नकोस."

"पळवून लावू म्हणतोस?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस खरं." कास्परने मिशीवरचा फेस पुसला. "अरे, पण आठवड्यात आईबापांनी मालकाशी बोलायचं नाही, हे तूच ना रे आम्हाला ऐकवतोस?"

"आठवडा अजून सुरू कुठे झालाय?"

आमच्याकडे गायनमंडळातल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पुढे कित्येक वर्षं त्याच्याच शेजारी उभं राहून सूर लावायचा असतो. कास्परने होकाराची मान हलवली.

सोमवारी सालोमे अंधारात उठून गेली, संध्याकाळी आली ती केसांना डुकराच्या चरबीचा वास घेऊन. "कसं झालं?" साहेबांनी विचारलं. "चांगलं," म्हणाली आणि बूट न काढताच बाकावर आडवी झाली. मंगळवारी तिने रक्ताची बादली ढवळली. रक्त गोठू नये म्हणून हात थांबवायचाच नसतो. दंड असे भरून आले की रात्री सूपचा चमचा तिला डाव्या हाताने धरावा लागला. साहेबांनी तिच्या ताटात बटाटे वाढले. मनातून त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम चाललं होतं.

बुधवारी मात्र त्यांचं ऑफिसात लक्ष लागेना. आज आतडी धुवायची पाळी, हे त्यांना ठाऊक होतं. आणि नेमकं त्याच दुपारी आदेरितो फ्राझाव आपल्या मुलीला घेऊन आले.

फ्राझाव मूळचे पोर्तुगालचे, पण या खोऱ्यातल्या निम्म्या भिंतींचा गिलावा त्यांच्या हातचा. त्या दिवशी ते लग्नाला घालायचा कोट घालून आले होते. मुलगी लिडिया, सालोमेच्याच बाकावर बसणारी. गणितात सालोमेच्याही पुढे. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि सगळं बोलणं बापच करत होते.

"साहेब, वर्गाच्या बाई म्हणतात, हिने ती परीक्षा द्यावी. गिम्नाझियमची. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. आत्ता आतडी धुणं चालू असेल. "घरी हिला अभ्यासात मदत करणारं कुणी आहे?"

"मी गिलावा करतो साहेब, बायको हॉटेलात खोल्या आवरते. मदत कोण करणार?"

"बघा, परीक्षा अवघड असते. पोरं रडकुंडीला येतात. लिडिया, तुला औषधाच्या दुकानात काम करायला आवडेल? स्वच्छ काम, लोकांशी बोलणं, गणितही लागतं. सुंदर उमेदवारी आहे."

लिडिया म्हणाली, "आवडेल." चौदा वर्षांच्या मुलीला साहेबांच्या ऑफिसात 'आवडेल' सोडून दुसरं काही म्हणता येत नाही, हे साहेबांना एरवी कळायचं. तसं कुणी पटकन 'आवडेल' म्हणालं की ते मुद्दाम थांबायचे, पोराला बोलतं करायचे. आज थांबले नाहीत.

"आणि परीक्षा?" फ्राझाव म्हणाले. "नाव द्यायची मुदत शुक्रवारी संपते म्हणे."

"एकेक पायरी चढू या की. घाई कसली?" साहेबांनी कागदावर जिना काढून दाखवला. फ्राझावनी तो कागद घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, दोन्ही हातांनी साहेबांचा हात धरला आणि आभार मानले. सगळं मिळून फार वेळ लागला नाही.

संध्याकाळी सालोमे पांढरीफटक होऊन आली. साहेब दारातच उभे होते.

"काय झालं?"

"ओकले."

"अरेरे! मग?"

"मग तोंड धुतलं."

"मग घरी का नाही आलीस?"

"अर्धी आतडी धुवायची राहिली होती ना," ती म्हणाली आणि अंघोळीला गेली.

साहेब मिर्यामला म्हणाले, "पोरगी हट्टी आहे." मिर्याम म्हणाली, "कुणावर गेली कोण जाणे."

शुक्रवारी साहेब, मिर्याम आणि सालोमे कास्परच्या दुकानामागच्या खोलीत बसले. टेबलावर मालकाने स्वतः कापलेल्या मांसाची थाळी आणि पांढरी वाइन होती. हे काही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. मालकाच्या मनात पोराला घ्यायचं असेल तेव्हाच थाळी येते.

"मुलगी चांगली आहे," कास्पर म्हणाला. "हात स्थिर आहे. बोलते जास्त, पण ते गिऱ्हाइकांना आवडतं. करारावर सही करायला मी तयार आहे. पण त्याआधी एक सांगायचंय, आणि ते हिच्यासमोरच सांगणार." तो सालोमेकडे वळला. "पोरी, या आठवड्यात तुला जे करायला लावलं, ते मी हुंगायला आलेल्या कुठल्याही पोराला लावत नाही. तू पळून जावंस म्हणून तुझ्या बापाने मला ते करायला सांगितलं, आणि मी ऐकलं. माझ्या दुकानात असं मी कधी केलं नव्हतं. माझं चुकलं."

मिर्यामने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. सालोमेने थाळीतला एक तुकडा उचलला, चावला, गिळला. मग तिने कास्परशी हात मिळवला आणि कोट घालून बाहेर पडली.

साहेबांनी तिला पुलावर गाठलं.

"सालोमे, थांब. ऐक तरी."

"तू सगळ्यांना सांगतोस ते खरं आहे का?"

"कुठलं?"

"माहितेय तुला कुठलं."

"खरं आहे. अगदी खरं आहे."

"मग?"

"तू माझी मुलगी आहेस गं."

"आणि बाकीची पोरं कुणाची आहेत?"

साहेबांनी, खरं बोलायची हीच वेळ आहे असं वाटून, परीक्षेला तिचं नाव दिल्याचंही सांगून टाकलं.

"माझं नाव दिलंस. मला न विचारता. आणि लिडिया बुधवारी तुझ्याकडून आली ती थेट शाळेच्या संडासात जाऊन रडत बसली, तिनेच सांगितलं मला. तिला काय म्हणालास, घाई कसली?" ती चालायला लागली. "मुदत आज संपली, पपा."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. कास्परने पाठवलेला करार स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून होता; बापाच्या सहीशिवाय तो पुरा होत नव्हता. साहेब दर वेळी कॉफी प्यायला तिथे बसायचे आणि पेन न उचलता उठायचे. सही केली तर पोर खाटीक होते. नाही केली तर पोर हातची जाते. एवढं साधं होतं ते. मिर्याम म्हणाली, "तुझ्यासारखा कुणी बाप ऑफिसात आला असता तर काय सांगितलं असतंस?" साहेब म्हणाले, "त्याला बसवून जिना काढून दिला असता," आणि कॉफीचा कप घेऊन उठले.

मंगळवारी पालकसभा होती. सभागृह भरलेलं, मुलंही आलेली. सालोमे आणि लिडिया शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी. फ्राझाव मधल्या रांगेत, तोच कोट घालून. साहेबांनी खडू उचलला, जिने काढले, भावाची गोष्ट सांगितली. लोक नेहमीच्या जागी हसले. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?" इथे कुणीच काही विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष बाहेर मांडलेल्या वाइनकडे आणि चीजच्या वड्यांकडे असतं. पण फ्राझावनी हात वर केला आणि उभे राहिले.

"साहेब, राग मानू नका. तुमची मुलगीही याच वर्गात आहे. ती काय करणार?"

प्रश्नात कुचकेपणा नव्हता. आपल्या पोरीला दिलेला सल्ला चांगलाच असणार, आणि चांगला असेल तर साहेबांच्या घरीही तोच असणार, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"ती खाटीककाम शिकणार आहे," साहेब म्हणाले. "हेफ्टीकडे."

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच टाळ्या वाजवायला लागले. बघा, असा असतो माणूस! जे बोलतो तेच घरी करतो. मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या भिंतीला टेकलेला कास्पर तेवढा छताकडे बघत होता. सालोमे हात मांडीवर ठेवून बसली होती.

साहेबांना तिथेच थांबता आलं असतं. टाळ्या जोरात होत्या, वाइन तयार होती, आणि त्या रात्रीनंतर त्यांचं भाषण खोऱ्यात अजून पन्नास वर्षं चाललं असतं. पण ते शेवटच्या रांगेकडे बघत राहिले, आणि त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"थांबा. मला टाळ्या नकोत." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तिने खाटीक होऊ नये म्हणून मी जंग जंग पछाडलं. तिला न सांगता परीक्षेला नाव दिलं. हुंगायच्या आठवड्यात तिला पळवून लावा, असं मालकाला सांगितलं. मालकाचा त्यात दोष नाही, माझा आहे. उद्या सकाळी मी करारावर सही करणार आहे, पण ते तिचं कर्तृत्व, माझं नाही. मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो ते खरं आहे. मला ते माझ्या घरात नको होतं."

आमच्या गावात लोक असं चारचौघांत बोलत नाहीत. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कुणीतरी खोकलं. फ्राझाव अजून उभेच होते.

"परीक्षेला," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही तुमच्या मुलीचं नाव दिलं होतं."

"हो."

"आमची आली होती तेव्हा दिलेलं होतं?"

"हो. आधीच दिलं होतं."

"आणि आमच्या लिडियाचं आता देता येईल?"

साहेबांनी सभागृहाकडे बघितलं, जणू कुणीतरी दुसरं उत्तर देईल. "नाही. मुदत शुक्रवारी संपली. पुढच्या वर्षी पुन्हा असते."

फ्राझावनी मान डोलावली. त्यांना राग आलाय असं दिसत नव्हतं, आणि साहेबांना तेच सोसवेना. फ्राझावनी एकदा मागे वळून लेकीकडे पाहिलं. लिडियाचा चेहरा लाल झाला होता आणि सालोमेने तिचा हात घट्ट धरला होता.

"मग पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येऊ, साहेब," फ्राझाव म्हणाले. "पण तेव्हा तुमच्या मुलीला जे सांगितलं असतंत, तेच माझ्या मुलीला सांगा."